हीटरचा पंखा आणि जाड तार

वडिलांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती, आणि तिला चक्क हीटर होता. निरगुडसरात हीटरची गाडी कशाला, म्हणून लोक हसायचे. पण थंडीत पहाटे जुन्नरला निघालं, की पुढची काच आतून धुरकट व्हायची आणि समोरचं काही दिसायचं नाही. हीटरचा पंखा काचेवर गरम हवा सोडायचा तेव्हा कुठे रस्ता दिसे. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तो पंखाच बंद पडला.

मेस्तरी म्हणाला, मोटर गेली, आता तिचा नाद सोडा. मी तेव्हा बारावीला होते आणि घरातला रेडिओ, इस्त्री, मिक्सर मीच उघडायचे. वडील म्हणाले, "तू बग. चालू केलास तर इंजिनेरिंगला घालतो तुला, पुण्याला." ते थट्टेत म्हणाले असतील. मी ते खरं धरून ठेवलं.

एका बल्बला दोन वायरी जोडून, त्यातली एक गाडीच्या दुसऱ्या चांगल्या पत्र्याला लावून मी डॅशबोर्डखाली उताणी शिरले. फ्यूज शाबूत. स्विचपर्यंत करंट, स्विचच्या पुढंही करंट. पंख्याच्या मोटरपाशी बल्ब लखलखीत पेटला, तरी पंखा हलेना. म्हणजे करंट येत होता, त्याला परत जायला वाट नव्हती. मोटरची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथं आवळली होती तिथं कुणीतरी रंग मारलेला, आणि रंगाखाली गंज. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला, आणि पंखा फिरला. मला रडू आलं, डोळे मी डॅशबोर्डखालीच पुसले.

पंखा फिरत होता, पण जड. मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो आतला बुश झिजला होता. मी घरात सगळ्यांसमोर सांगितलं, "आप्पा, नवा बुश मिळंपर्यंत पंखा लई वेळ लावू नका. फ्यूज उडला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, त्याच्या वरचा नको." वडिलांनी मान डोलावली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पेपर वाचत होता.

पुढच्याच आठवड्यात दादा मित्रांना गाडीत घेऊन लोणीला लग्नाला गेला. वाटेत फ्यूज उडाला. आमच्याकडे विहिरीवरच्या पंपाचा फ्यूज उडाला, की कुणी कारण शोधत नाही. जाड तार गुंडाळतात, म्हणजे परत उडायची कटकट नाही. दादानं तेच केलं. फ्यूज उडाला नाही, वायरी जळाल्या. डॅशबोर्ड, पुढच्या सीटा, सगळं गेलं. माणसं तेवढी उड्या मारून वाचली.

गाडी ओढून घरी आणल्यावर दादा म्हणाला, "हिनं हात लावला व्हता ना, मंग दुसरं काय व्हनार?" मी वडिलांना हाताला धरून गाडीपाशी नेलं. फ्यूजच्या जागी ती तार काळी होऊन तशीच होती. त्यांनी ती पाहिली. माझ्याकडं नाही पाहिलं. अंगणात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीच्या जातीला मशिनरी द्यायची माजीच चूक."

पुण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बारावीचा निकाल लागण्याआधी माझी सुपारी फुटली. पुढं कुठल्याही कार्यात पाव्हणे जमले, की हिनं गाडी जाळली ही गोष्ट निघायची, आणि सगळ्यात मोठ्यानं दादा हसायचा. माझ्या सासरी मिक्सर बिघडला तरी तो बाजारात न्यायचे. मी शेजारी बसलेली असायचे.

बऱ्याच वर्षांनी वडिलांना लकवा झाला. तोवर गावात मोबाइल आले होते. मी महिनाभर माहेरी राहून त्यांचं सगळं केलं. एका दुपारी मी पेज भरवत असताना ते आपणहून म्हणाले, "ती तार मी तवाच वळखली व्हती. पन तुज्या दादाची सोयरीक जमत आली व्हती. असल्या उपद्व्याप्याला कोन पोरगी देतंय?"

"आन माजं?" मी विचारलं.

"तुजं काय, तू हुशार. कुटंबी निभावलं असतंस."

मी त्यांचं तोंड पुसलं आणि उरलेली पेज भरवली. शिव्या द्याव्या वाटत होत्या, पण त्यांना धड गिळताही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना आप्पा म्हणून हाक मारणं सोडलं. पुढं दोन वर्षं ते जगले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.