चारचा खालचा गोल

ती जीप आजही आठवते, आणि तिच्याबरोबर माझी चूकही. नेदरलँड्सच्या पोलीस दलात मी बावीस वर्षे काढली. आलो होतो विद्यापीठात शिकायला. राहिलो, डच शिकलो आणि वर्दी घातली. पुढे गुडघा दुखू लागला म्हणून मुदतीआधी निवृत्त झालो. या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही. ठाणे कोणते, हेही नाही.

करोनाचा पहिला हिवाळा होता. टेबलावर काच बसवलेली, एका वेळी एकच तक्रारदार आत, आणि तो गेला की खुर्ची पुसायची. एका सकाळी उइटहॉर्नला राहणारा एक इंजिनिअर आला. मूळचा नाशिकचा. त्याने भाड्याने घेतलेल्या गॅरेजचे कुलूप तोडून कोणीतरी त्याची जीप नेली होती. डोंगर-चिखलातून चालणारी, पन्नास वर्षांहून जुनी गाडी. भंगारातून उचलून सहा वर्षे खपून त्याने ती उभी केली होती. माझे आडनाव कळताच तो मोकळा झाला.

"सर, तुम्ही मराठी आहात. बरं झालं, नीट सांगता येईल."

"जबाब इंग्रजीत किंवा डचमध्ये द्या," मी इंग्रजीत म्हणालो.

हा माझा नियम होता. आपल्या माणसाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून मराठी तक्रारदाराशी मी ठाण्यात मराठी बोलत नसे. त्याचा चेहरा पडला, पण त्याने इंग्रजीत सांगितले. त्याचे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. दोन उन्हाळे ते इथे येऊन राहिले आणि जीप त्यांनीच सुटी केली. कोणता भाग कुठला हे कळावे म्हणून सुट्या केलेल्या भागांवर सेंटर पंचने ठिपके ठोकून आकडे घातले. चोरीच्या तक्रारीत अशी खूण म्हणजे सोने असते. मी भागाचे नाव आणि त्यावरचा आकडा अशी यादी टाइप केली. डाव्या दाराची बिजागरी, एक. उजव्या दाराची, चार. एकूण एकोणीस ओळी. दोनदा वाचून दाखवल्या, त्याने सही केली.

वसंतात त्यानेच आम्हाला खबर दिली. इंटरनेटवर जाहिरात होती: जुनी ऑफ-रोड गाडी, उत्तम राखलेली, हौशी माणसाला विकणे आहे. हिरव्याची वाळूच्या रंगाची झाली होती, नंबर वेगळा होता. "पण मागच्या फळीचं वेल्डिंग बाबांचंच आहे," असे त्याने कळवले. विकणारा मास्ट्रिख्टजवळच्या एका खेड्यातला. माझी सहकारी, चोख काम करणारी डच बाई, यादी घेऊन तिकडे गेली. मंगळवारी तिचा अहवाल आला. कागदपत्रे आणि चॅसिसवरची नंबराची पट्टी एकमेकांशी जुळतात. बिजागऱ्यांवर ठिपक्यांचे आकडे आहेत, पण डावीवर नऊ आणि उजवीवर आठ. यादीशी मेळ नाही. गाडी शनिवारी देशाबाहेरचे गिऱ्हाईक नेणार आहे.

मी अहवाल वाचला, यादीशी ताडला आणि तक्रारदाराला कळवले की ती गाडी तुमची नाही.

बुधवारी त्याचा फोन आला. सरळ मराठीत.

"सर, तुम्ही मराठी बोलत नाही हे माहीत आहे मला. ऐका फक्त. अकरा दिवसांपूर्वी बाबा गेले. करोनाने. मला जाता आलं नाही, सगळं व्हिडिओवर पाहिलं. त्यांच्या हातचं म्हणून माझ्याकडे ती जीपच होती. एकदा मला स्वतःला बघू द्या. बाबांचा चार मी नुसता हात लावून ओळखीन. खालचा गोल त्यांचा नेहमी मोठा यायचा. आई चिडवायची, हा चार आहे की वांगं?"

मी खुर्चीत सरळ झालो. तोंडातून मराठीच आले. "चारला खाली गोल?"

"असतोच की."

"इंग्रजी चारला नसतो."

तो म्हणाला, "बाबांचं आयुष्य एस.टी.त गेलं, सर. ते आकडे मराठीतच ठोकणार ना. तुम्ही विचारलं कुठे?"

विचारले नव्हते. तो वन, फोर म्हणाला आणि मी इंग्रजी आकडे टाइप केले. त्याला वाटले आकडा म्हणजे आकडा, मलाही तेच वाटले. घरी किराण्याचा हिशेब मी आजही मराठी आकड्यांत लिहितो, आणि तरीही.

मी कागदावर १ आणि ४ काढून सहकारीपुढे धरले. "हे काय आहे?"

"नऊ. आणि हा आठ, वरून उघडा राहिलेला. तिथे असाच होता."

"हा एक आहे. हा चार."

तिने कागद हातात घेतला. "जाऊन-येऊन चारशे किलोमीटर गाडी चालवली मी. आणि तू हे मला आज सांगतोस?"

"मलाही आजच कळलं."

"तू तिथलाच ना?" ती म्हणाली.

नुसते साम्य म्हणजे पुरावा नव्हे. गुरुवारी विकणाऱ्याला चौकशीला बोलावले. साठीचा, नीटनेटका, बोलघेवडा माणूस. काचेपलीकडून म्हणाला, "मास्क काढलात तर तुमचं डच समजेल तरी मला."

मी हळू बोलू लागलो. "गाडीवरचे आकडे कोणी घातले?"

"मीच. भाग सुटे करताना घालतो. सवय आहे."

"सगळ्या भागांवर? क्रमाने?"

"मी व्यवस्थित माणूस आहे."

सहकारीने काढलेला मागच्या फळीचा फोटो मी काचेला लावला. फळीवर ठिपक्यांत १२ होते. "हा कितवा?"

"ब्याण्णव."

"मग दहा ते एक्याण्णव हे आकडे गाडीवर कुठेतरी असतील. उद्या आम्ही शोधणार आहोत. कुठे बघायचं तेवढं सांगा."

त्याने पाणी मागितले. प्यायल्यावर वकील मागितला.

त्याच संध्याकाळी सरकारी वकिलांकडून तपासणीची परवानगी घेतली. मी एकोणीस भागांची नावे आणि त्यांपुढे मराठी आकडे हाताने काढले आणि पाकीट बंद करून त्यांच्याकडे दिले. शुक्रवारी सहकारी मेकॅनिकला घेऊन गेली. पाकिटात काय आहे ते तिने पाहिले नव्हते. चटया उचलून, सीट काढून, गाडीखाली झोपून तिला जे दिसले ते तिने चित्रासारखे वहीत उतरवले. नंतर सरकारी वकिलांनी पाकीट उघडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकोणीसपैकी सतरा जुळले. उरलेले दोन भाग नवे बसवलेले होते. मराठी येणाऱ्या कोणाचाही हात या तुलनेला लागला नव्हता, आणि विकणाऱ्याच्या वकिलाला तिथे बोट ठेवायला जागा उरली नाही. दुपारी जप्तीचा आदेश निघाला. गिऱ्हाइकाने पाठवलेला ट्रक शनिवारी रिकामा परतला. विकणाऱ्याने पुढे कबुली दिली. कागद आणि पट्टी दुसऱ्या भंगार गाडीची होती.

मुद्देमाल सोडवायला काही महिने गेले. इंजिनिअर गाडी न्यायला आला तेव्हा त्याची आई त्याच्या फोनवर नाशिकहून पाहत होती. मी त्याची माफी मागितली, मराठीत. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, सही मीच केली होती." तेवढ्याने माझा दोष कमी होत नाही. तो फोन झाला नसता तर गाडी गेली असती आणि फाइलमध्ये सगळे नियमानुसार दिसले असते.

नियम पाळून केलेली चूक सापडायला फार वेळ लागतो, कारण तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. तक्रार घेताना मी पुढे कोरा कागद ठेवू लागलो: खूण सांगू नका, काढून दाखवा. मराठी माणूस आला तर आधी त्याचे मराठीत ऐकायचो आणि मग जबाब डचमध्ये लिहायचो. आपल्या माणसाला झुकते माप दिले, असे उरलेल्या नोकरीत मला एकदाही कोणी म्हटले नाही. तो धाक माझ्याच मनातला होता. नुकसान मात्र दुसऱ्याचे होणार होते.