पास-नापास करणारे साडूभाऊ

परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला ‘हे काम तुम्हाला कोणी शिकवलं?’ असं विचारायचा अधिकार आपल्याला जन्मतःच मिळालेला आहे, अशी आमच्या साडूंची ठाम समजूत आहे. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की गळ्याभोवती फडकं पडायच्या आत ते त्याच्या उस्तादाचं नाव विचारून घेतात. पालमच्या एसटीत चढताना ‘या रस्त्यानं आधी गेलाव का कधी?’ असं ड्रायव्हरला विचारल्याशिवाय त्यांचा पाय दुसऱ्या पायरीवर पडत नाही. एकदा एक ड्रायव्हर बिचारा खरं बोलला. ‘न्हाई, आजच ड्यूटी लागली,’ म्हणाला. साडूभाऊ उतरले नाहीत. सगळ्यात पुढच्या सीटवर बसून ते पालम येईपर्यंत त्याच्याकडे एकटक बघत राहिले आणि उतरताना म्हणाले, ‘पास. ब्रेक तेवढा जरा आधी मारत जावा.’ आपण कसल्या परीक्षेला बसलो होतो हे त्या ड्रायव्हरला अजून कळलेलं नसेल.

हा स्वभाव त्यांना नोकरीने दिला की स्वभाव बघून नोकरी मिळाली, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. परभणीत एक छोटी संस्था आहे. डाळमिल, तेलमिल, मसाल्याचे कारखाने अशा ठिकाणी माल स्वच्छ आणि सुरक्षित तयार होतो की नाही, हे तिचे ऑडिटर जाऊन बघतात आणि मग ती प्रमाणपत्र देते. साडूभाऊ स्वतःही ऑडिट करायचे, पण त्यांचं खरं काम त्याच्याही आधीचं. कोणता ऑडिटर कशाचं ऑडिट करायला लायक आहे, हे ते ठरवतात. ऑडिट म्हटलं की लोकांना हिशेबच आठवतो. मानवतला आमच्या शेजारच्या दुकानदाराने मोठ्या आशेने त्यांना इन्कम टॅक्समधली एक अडचण विचारली, तर त्यांनी ‘आमी आकडे तपासत न्हाई, माणूस तपासतो,’ असं म्हणून त्याला असं काही न्याहाळलं की त्याने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

डिग्रीवर त्यांचा विश्वास नाही असं नाही, पण डिग्री बघून ते फक्त खुर्ची देतात. पुढचं सगळं काम बघून. येलदरी धरणावर मासळीचं एक काम आलं, तेव्हा सारं आयुष्य सरकी आणि तेलमिलमध्ये काढलेले एक जुने ऑडिटर म्हणाले, मी जाऊन येतो. साडूभाऊ म्हणाले, ‘सरकी आन् मासा यात सारखं काय हाय तेवढं सांगा, आन् खुशाल जावा.’ ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आले, ‘दोन्ही ओलं ठेवलं की सडतं.’ साडूभाऊंना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ऑफिसभर चहा पाजला, आणि त्या गृहस्थांना मात्र मासळीतल्या जाणकार माणसाच्या मागे नुसतं बघायला धाडलं.

नवा ऑडिटर पहिल्यांदा काम करतो तेव्हा साडूभाऊ स्वतः सोबत जातात. हात पाठीमागे, तोंडातून शब्द नाही, आणि चेहरा असा की समोरच्याला आपलं बरोबर चाललंय की चूक, याचा काही पत्ता लागू नये. हा चेहरा त्यांनी फार मेहनतीने कमावला आहे. अडचण एवढीच की तो ते घरीही घेऊन येतात. त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला पूजा सांगायला आलेले स्वामी मंत्र म्हणत होते आणि हे हात मागे बांधून बाजूला उभे. शेवटी स्वामींनीच घाबरून विचारलं, ‘काही चुकायलंय का?’ साडूभाऊ शांतपणे म्हणाले, ‘तुमी चालू ठेवा.’ पुढचे मंत्र स्वामींनी दोन-दोनदा म्हटले आणि जेवायला वेळ झाला, तो सगळा राग आम्ही पाहुण्यांनी जिलेबीवर काढला.

वर एकदा पास केलेला माणूस कायमचा पास, हेही त्यांना मान्य नाही. ‘मागच्या साली येत होतं म्हणून औंदा बी येतंयच असं न्हाई,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यामुळे दरवर्षी सगळ्यांची फेरतपासणी होते. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांची बायको. होळीला तिचं पुरण ते असंच नव्याने तपासायचे. एका वर्षी ती पातेलं आपटून म्हणाली, ‘माय माय, खायचं तर खावा, न्हाई तर उठा.’ त्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि पास केलं.

आणि मग एकदा त्यांना जोराचा ताप आला. ताप उतरला, चार-सहा दिवसांत ते हिंडूफिरू लागले, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. एके दिवशी मी परभणीला त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेलो, मी सर्दीने बेजार, आणि गॅसवर दूध उतू जाऊन पार करपलं. अक्का अंगणातून धावत आली. ‘दोघं जण बसलाव आन् वास येईना का?’ सर्दीमुळे मी सुटलो. साडूभाऊंनी मात्र उठून करपलेल्या पातेल्यावर वाकून एक लांब श्वास घेतला. मग मला म्हणाले, ‘सर, माझे डोळे बांधा.’

मी मास्तर माणूस, जन्मभर परीक्षा घेतल्या, पण तसली परीक्षा पुन्हा घेणार नाही. अक्काने एकेक वाटी आणली. हिंग, फिनेल, कापूर, लसूण ठेचून. मी वाटी त्यांच्या नाकाखाली धरायचो आणि ते लांब श्वास घ्यायचे. एकही ओळखता आली नाही. हिंगाला ते म्हणाले, ‘रिकामी वाटी धरून माझी परीक्षा बघायलाव का सर?’ अक्का पदर तोंडाला लावून आत गेली. डोळ्यांवरचा टॉवेल त्यांनी स्वतःच सोडला, त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, ‘नापास.’

दुसऱ्या कोणी हे कोणाला सांगितलंही नसतं, तिथे यांनी सोमवारी ऑफिसात जाऊन डाळमिल, तेलमिल, मसाले, सगळ्यांच्या ऑडिटमधून स्वतःला काढून टाकलं. मिलमध्ये शिरल्या शिरल्या खवट तेल, ओलसर कोठार, औषधाची धुरी हे आधी नाकालाच कळतं, असं तेच सगळ्यांना शिकवत आलेले. आणि नेमकी त्याच महिन्यात दिल्लीहून संस्थेलाच मान्यता देणारी मंडळी येणार होती. ते एखाद्या ऑडिटला सोबत जाऊन बघणार, आणि त्यांचं समाधान झालं नाही तर संस्थेचं डाळमिलचं काम बंद. ते बंद म्हणजे ऑफिसला कुलूप, इतकं सरळ होतं.

संस्थेच्या मालकांनी हात जोडले. ‘एवढ्या एका दिवशी तुमीच जावा. नाकाचं कुणाला कळायलंय?’ साडूभाऊ म्हणाले, ‘मला कळायलंय की.’ आणि त्यांनी ऑफिसातल्या एका नव्या ऑडिटरला, पालमच्या पोरीला नेमलं. ही मुलगी अन्नप्रक्रियेत शिकलेली, हुशार, पण जरा घाई करणारी. साडूभाऊंनी तिला आधी नापास केलेलं, आणि अगदी हल्लीच, समोर उभं राहून, पास केलेलं. ऑफिसात सगळ्यांचं तोंड उतरलं. तिचं तर जास्तच.

ऑडिट मानवतच्याच एका डाळमिलमध्ये होतं. मी तिथे नव्हतो, पण ही हकीकत मी त्या पोरीकडून, मालकांकडून आणि ऑफिसच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून इतक्यांदा ऐकली आहे की आता मला ती पाठ आहे. मिलवाल्याने दिल्लीचे पाहुणे म्हणून दारात रांगोळी काढलेली, भिंतींना चुना, कोठारात उदबत्तीचा जुडगा लावलेला. दिल्लीचे साहेब खूश होऊन ‘खुशबू अच्छी है’ म्हणत आत निघाले. साडूभाऊ हात मागे बांधून त्यांच्या मागे, सोबत संस्थेचे मालक. पोरगी उंबऱ्यात थबकली. तिने एकदा श्वास घेतला, परत एकदा घेतला, आणि दोन्ही हात आडवे करून ओरडली, ‘कुणीच आत जायचं न्हाई. साहेब, बाहेर या. सगळे बाहेर!’

उदबत्तीच्या खालून तिला लसणासारखा वास आला होता. पाहुण्यांना एकही किडा दिसू नये म्हणून मिलवाल्याने कोठारात धुरीच्या गोळ्या टाकल्या होत्या, आणि कोठार मोकळं व्हायला हवे तेवढे दिवस न थांबता सकाळी दार उघडून वर उदबत्ती लावली होती. त्या गोळ्यांचा वायू जीव घेतो. मिलवाला घाबराघुबरा होऊन म्हणायला लागला, ‘पाव्हणे येणार म्हणून लय हौसेनं केलं हो!’ पोरीने कामगारांना लांब नेलं, कोठाराची सगळी दारं बाहेरून उघडायला लावली आणि ऑडिट तिथेच थांबवलं. एक पाऊल मागे घेतलं नाही म्हणे.

बाहेर कडुलिंबाखाली बसल्यावर दिल्लीच्या साहेबांनी साडूभाऊंना विचारलं, तुम्ही सगळ्यांत जुने, मग हे ऑडिट तुम्ही का नाही केलं? साडूभाऊंचं हिंदी अस्सल परभणीचं. ‘साब, हमकू वास नहीं आती. हमने हमारेकोच नापास किए.’ साहेबांनी उठून साडूभाऊंचा हात हातात घेतला आणि मालकांना म्हणाले, ज्या संस्थेत असा माणूस आहे, तिथे मला आणखी काही बघायचं नाही. बघितलं तरीही त्यांनी, दोन दिवस, सगळं. आणि मान्यता देऊन गेले. ऑफिससमोर फटाके वाजले. मालकांनी त्या पोरीला हार घातला, तो तिने काढून साडूभाऊंना घातला, आणि आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा तो कमावलेला चेहरा विरघळताना पाहिला. माणूस लहान पोरासारखा हसत होता. मला आमच्या साडूंचा इतका अभिमान वाटला की मी अनोळखी माणसांना धरधरून ‘आमचे साडू आहेत’ असं सांगत सुटलो.

नाक मात्र परत आलं नाही. डॉक्टर झाले, अक्काचे नवस झाले. साडूभाऊ आता मिलमध्ये जात नाहीत, ऑफिसात बसून माणसं घडवतात. परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा ती पालमची पोरगी एका मिलवरून नुकतीच आली होती. साडूभाऊंनी तिला पाणी दिलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ‘हं. आत शिरल्यावर वास कसला आला?’ ती सांगायला लागली. ‘तूर नवी हाय सर, गोडसर वास होता. मग बारदान्याच्या पोत्यांचा. मशिनीपाशी गरम पट्ट्याचा.’ साडूभाऊंनी डोळे मिटले होते. ते एवढे खोल श्वास घेत होते की मला बघवेना, म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो. ती थांबली तेव्हा डोळे न उघडताच ते म्हणाले, ‘घाई करू नको बाई. नव्या तुरीचं परत एकदा सांग.’