विटांवर चढवलेलं टेबल

आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या झाशीचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. शेजारच्या ख्रिस्ती आंटी-अंकलशी मी हिंदीतच बोलते, पण आंटींना आमच्या घरातलं बरंच मराठी ऐकून ऐकून कळतं. अंकल रेल्वेतून निवृत्त झालेले, आंटी शाळेत शिकवायच्या. त्यांचा मुलगा परदेशात असतो. दरवर्षी ईस्टरला त्यांच्याकडे दुपारचं जेवण असे आणि टेबल सजवायला आंटी मला हाक मारत.

गेल्या थंडीत अंकलना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय जड झाला, जीभ अडखळायला लागली. तेव्हापासून ते आतल्या खोलीतच जेवत. आंटी भरवत, आणि त्या वेळी दार लावून घेत. कोणी भेटायला आलं तर अंकल झोपेचं सोंग घेत, हे मला ठाऊक होतं.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी डबा परत द्यायला गेले, तर आंटी जेवणाच्या टेबलापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "इस बार भी खाना यहीं होगा. और वे यहीं बैठेंगे."

"अंकल हो म्हणाले?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

"नहीं. कहते हैं, तुम लोग खा लो, मुझे मत घसीटो. पर मैंने तय कर लिया है."

त्या आवाज न चढवता बोलत होत्या. वर्गात ज्या आवाजात त्या मुलांना शांत बसवत असतील, तोच हा असणार. मी डबा ठेवला आणि विचारलं, काय काय करायचं आहे?

पहिली अडचण चाकांच्या खुर्चीची होती. रिकामी खुर्ची टेबलापाशी ढकलून पाहिली, तर तिचे हात टेबलाच्या खालच्या पट्टीवर आपटले. माणूस तिच्यात बसला असता तर ताटापासून हातभर लांब राहिला असता. साध्या खुर्चीत बसवावं, तर अंकलचा तोल उजवीकडे जातो. आंटींनी कंबरेवर हात ठेवून टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तो मेज़ ही ऊँची करेंगे."

शनिवारी ह्यांना सुट्टी होती. आमच्या परसात जुन्या कुंपणाच्या विटा पडल्या होत्या, त्यांतल्या चार धुऊन घेतल्या. ह्यांनी एकेक कोपरा उचलायचा, मी वीट सरकवायची. जास्त उंची मिळावी म्हणून आम्ही त्या कडेवर उभ्या ठेवल्या. टेबल उभं राहिलं खरं, पण बोट लावलं की डुगडुगायचं. पुन्हा उचल, पुन्हा सरकव, असं चाललं होतं. फरशीवर विटा घासल्याचा आवाज आतपर्यंत जात असणार.

आतून अंकलचा आवाज आला. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "खड़ी... नहीं. लिटाओ."

आम्ही तिघंही थांबलो. कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून काही सांगितलं नव्हतं. आम्ही विटा आडव्या केल्या. टेबल गप्प उभं राहिलं, पण उंची आता कमी झाली होती. तेवढी पुरेल की नाही, ते कळायला खुर्चीत माणूस हवा होता.

आंटी सरळ आत गेल्या. "चलिए, नाप देना है. खाना नहीं है अभी, सिर्फ़ नाप."

मग खुर्चीची चाकं कुरकुरली. अंकल बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, टेबलाच्या पायांकडे पाहिलं. आंटींनी खुर्ची हळूहळू पुढे नेली. खुर्चीचे हात पट्टीखालून जेमतेम, पण न अडता आत गेले. अंकलनी डावा तळहात टेबलावर पसरून दाबून पाहिला. "ठीक है," म्हणाले, आणि परत आत न्यायची खूण केली.

आंटींनी त्यांना निजवलं आणि बाहेर येऊन पातेल्यात पाणी भरलं. मग म्हणाल्या, "अंडे उबालने हैं."

अंडी आम्ही कांद्याच्या सालींत आणि बिटाच्या पाण्यात रंगवली. पांढरी फुलं आणायला संध्याकाळी मी इलाइट चौराह्यावर गेले. फुलवाल्याने विचारलं, "शादी है कि ग़मी?" मी म्हटलं, ईस्टर आहे. त्याने जरा विचार केला आणि निशिगंधाच्या ताज्या काड्या बादलीच्या तळातून काढून दिल्या.

विटा मात्र मला बघवेनात. टेबलक्लॉथ तिथपर्यंत पोचत नव्हता. मी घरून गेरू आणला, विटा सारवल्या आणि वाळल्यावर पुढच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांची वेल काढली. तुळशीच्या कट्ट्याला काढते तशीच. आंटींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा है. छिपाने की ज़रूरत नहीं."

रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून आल्यावर आंटींनी मला ताटं मांडायला लावलं. मी नेहमीप्रमाणे पेले उजवीकडे ठेवत होते. त्या मागून आल्या आणि एकेक पेला डावीकडे ठेवत गेल्या, सगळ्यांचाच. आमच्याकडे पाण्याचं भांडं डावीकडेच असतं, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. सुऱ्या-काटे त्यांनी काढलेच नाहीत, फक्त चमचे ठेवले. कोंबडी अख्खी भाजायची प्रथा होती आणि ती कापायचा मान अंकलचा. ह्या वेळी आंटींनी हाडं काढून तिचा स्ट्यू केला होता.

चर्चमधलं एक जोडपं आलं, आम्ही दोघं होतोच. टेबल उंच झाल्यामुळे आम्ही सगळे उशा घेऊन बसलो. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांची जागा तीच, टोकाची. प्रार्थना दरवर्षी तेच म्हणत. पाहुण्यांनी हळूच विचारलं, "मैं कह दूँ?" आंटी म्हणाल्या, "नहीं, ये कहेंगे."

अंकलनी डोळे मिटले. शब्द येत नव्हते. एक यायचा, मग नुसता श्वास, मग दुसरा. स्ट्यूवर साय धरायला लागली. माझ्या मनात आलं, कोणीतरी मदत करावी. पण आंटींची मान खाली होती आणि ती हलली नाही. शेवटी "आमीन" आलं, स्पष्ट. आम्ही सगळ्यांनी म्हटलं.

जेवताना डाव्या हातातला चमचा लटपटला आणि भात शर्टावर पडला. अंकलनी चमचा आपटला. "कहा था... मुझे मत..." त्यांचा चेहरा लाल झाला होता.

आंटींनी नॅपकिनने शर्ट पुसला, चमचा उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला. "गिरेगा," त्या म्हणाल्या. "गिरने दीजिए. धुल जाएगा."

आम्ही ताटाकडे पाहत जेवत राहिलो. ह्यांनी बेतवेच्या काठच्या उन्हाचं काहीतरी काढलं, पाहुण्यांनी ते उचलून धरलं. मी पुन्हा मान वर केली तेव्हा अंकल जेवत होते. सावकाश, भात सांडत, पण स्वतःच्या हाताने. थोड्या वेळाने त्यांनी वाडगा माझ्याकडे सरकवला. मी स्ट्यू वाढला.

त्यानंतर ते रोज टेबलावर येऊ लागले, असं झालं नाही. गरम वाऱ्याची लू सुरू झाल्यावर काही दिवस त्यांनी खोलीच सोडली नाही. एकदा तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दिवसभर बोललेच नाहीत. पण आंटी दुपारी त्यांचं ताट टेबलावरच मांडतात, आणि ते यायची वाट पाहतात. कधी ते येतात. नाही आले, तर तेच ताट उचलून त्या आत जातात. दार मात्र आता लावून घेत नाहीत.