काचेची पट्टी

आमचे हे रंगारी. पण सगळे ह्यांना 'पट्टीवाले' म्हणतात, कारण भिंतीला तडा दिसला की हे ब्रशला हातच लावत नाहीत. आधी तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवायची, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची आणि पंधरा दिवस थांबायचं. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना, बुजवा आणि रंगवा. तुटली तर भिंत अजून हलतेय. ह्या नादापायी किती गिऱ्हाइकं हातची गेली ते विचारू नका. तीस वर्षं मी कपाळावर हात मारून घेतेय.

माझी नणंद ह्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेली, म्हणून तिच्या वेण्यासुद्धा ह्यांनीच घातलेल्या. नवरा गेल्यावर ती घरात एकटी उरली आणि तिने ठरवलं, घर विकून लेकीकडे राहायला जायचं. वसंतात घर बघणारे जास्त फिरतात, तोवर सगळं चकाचक हवं, म्हणून ऐन थंडीतच तिने ह्यांना बोलावलं. मीही गेले मदतीला. आम्ही दोघींनी माळा उपसला. फाटके पडदे, गंजलेले डबे, तिच्या नवऱ्याचे बूट. बुटांपाशी ती जरा थांबली, मग तेही गोणीत टाकले. बाहेरच्या खोल्या आठ दिवसांत ओळखू येईनात.

मग आतल्या खोलीतलं कपाट सरकवलं. मागे छतापासून जमिनीपर्यंत तडा. ह्यांनी पट्टी लावली, ती चौथ्या दिवशी तुटली. दुसरी लावली, तिचे दुसऱ्याच सकाळी दोन तुकडे. खरं सांगते, त्या खोलीत पाऊल टाकायची मला भीती वाटायला लागली.

"दादा, बुजव आणि कपाट परत लाव," नणंद म्हणाली. "कोण बघतंय मागे?"

"पाया खचतोय गं. इंजिनिअरला दाखवू."

"आणि तो घर पाडा म्हणाला तर? लेकीच्या दारात जाऊ हात हलवत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ह्यांचं काही चालत नाही, हे लहानपणापासूनचं. ह्यांनी तडा बुजवला, रंग दिला, कपाट जागेवर लावलं.

वसंत लागताच पहिलं जोडपं आलं, तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो. बाईला सातवा महिना. आतली खोली तिला फार आवडली. "हे कपाट काढून पाळणा इथेच ठेवू," ती नवऱ्याला म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळली. "काका, रंग तुम्हीच दिलात ना? घर कसं आहे?"

मी मनात म्हटलं, आज तरी गप्प बसा हो.

"भिंत हलतेय, पोरी," हे म्हणाले. "घेऊ नकोस."

अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? त्यानंतर घर बघायला कुणी फिरकलं नाही. नणंदेने आम्हाला बाहेरची वाट दाखवली. "परक्या बाईच्या पोराची काळजी, आणि सख्खी बहीण गेली उडत!" हट्टाला पेटून तिने स्वतःचा पलंग त्याच खोलीत हलवला. हे भिंतीला द्यायला टेकू घेऊन गेले, तर तिने दार उघडलं नाही. मग रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन हे तिच्या खिडकीत दिवा लागेपर्यंत उभे राहायचे. मला दोघांचा राग यायचा, आणि दोघांचंही पटायचं.

महिनाभर असंच चाललं. मग एका सकाळी तिचा फोन आला. भांडणानंतरचा पहिलाच.

"वहिनी, आतल्या खोलीचं दार अडकलंय. चौकट वाकलीय. किती ओढलं तरी उघडत नाही."

"राहू दे. ओढू नकोस. तू आपली बाहेरच थांब," मी म्हटलं.

फोनमध्ये माती भुरभुरत पडल्यासारखा आवाज येत होता.

"मी आत आहे," ती म्हणाली. "दादाला पाठव."