आभारांतून गाळलेलं नाव

हिला मी इथे मधुवंती म्हणते. खरं नाव वेगळं आहे. ते का देत नाही, ते पुढे कळेल.

मधुवंती आमच्या शेजारची. वडील कस्टममध्ये. बदली होऊन कोलकात्यात खिदिरपूरला आले तेव्हा ही शाळेत होती, आणि आता मराठी बोलते ती बंगाली हेल काढून. मी चुका काढते, ती हसते आणि पुन्हा तीच चूक करते. तिच्या लॉ कॉलेजात नॉर्वेहून समुद्री कायद्याचे एक प्राध्यापक वर्षभरासाठी आले आणि त्यांनी संशोधनात मदतीला काही विद्यार्थी निवडले, त्यात ही होती. साहेबाच्या झेरॉक्स काढायच्या, दुसरं काय, असं मी तोंडावर बोलून दाखवलं.

"काकू, पुस्तकात आमची नावं छापणार आहेत," ती म्हणाली. परदेशी शिकायचं तर स्कॉलरशिप हवी, आणि त्यासाठी असं छापलेलं काम दाखवावं लागतं. तिनं लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं.

पुस्तक होतं मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवरच्या माणसांबद्दल. असं एक जहाज तेव्हा इथेच गोदीत अडकलं होतं. मालक फोन उचलेना आणि खलाशांना जहाज सोडून घरी जाता येईना. बाकीची मुलं लायब्ररीत निकालपत्रं वाचत बसली. ही गोदीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागली. जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी भाजीपाला शोधत तिथे यायचा. सुरुवातीला हिनं कायद्याचा शब्दही काढला नाही. आज काय शिजवलं, एवढंच विचारायची. तांदूळ संपत आल्यावर तो काय शिजवायचा, गंजाच्या वासाच्या पाण्यात डाळ कशी शिजत नाही, सगळ्यात धाकटा खलाशी जेवताना कसा रडायचा, हे सगळं त्यानं आपणहून सांगितलं. अट एकच: नाव कुठे येता कामा नये. आलं, तर खलाशांची भरती करणारे एजंट पुन्हा कुठल्याही जहाजावर घेणार नाहीत. मधुवंतीनं शब्द दिला. मी खोदून खोदून विचारलं, तरी तिनं त्याचं नाव मलाही सांगितलं नाही.

प्राध्यापक खूश झाले. छपाईआधीचा मजकूर आला, त्यात या जहाजाच्या प्रकरणाखाली हिचे खास आभार होते. हिच्या आईनं शिरा केला. मधुवंती वाटी हातात घेऊन नुसतीच बसली.

"काकू, टपरीवर सगळ्यांनी मला फक्त त्या स्वयंपाकीकाकांशीच बोलताना पाहिलंय. माझं नाव वाचलं की त्यांचं कळलंच."

"एजंट कायद्याची पुस्तकं वाचतात होय?" मी भडकले.

"त्यांचे वकील वाचतात."

तिनं आपलं नाव सगळ्या पुस्तकातूनच काढायला लावलं. प्राध्यापकांनी समजावलं, आईनं अबोला धरला, मीही नको ते बोलले. ती हटली नाही. त्या वर्षीची स्कॉलरशिप गेली. पोरीचा मला संताप आला होता, आणि खरं सांगते, इतका अभिमान मला पोटच्या मुलाचाही कधी वाटला नाही.

पुस्तक निघालं तेव्हा कॉलेजात कार्यक्रम झाला. जहाज कंपन्यांची, एजंटांची माणसंही आली होती. आम्ही मधल्या रांगेत बसलो होतो. प्राध्यापकांनी बाकी विद्यार्थ्यांची नावं घेतली, मग थांबले.

"या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण जिच्यामुळे झालं, ती याच सभागृहात आहे. तिचं नाव घ्यायची मला परवानगी नाही."

पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. सगळं सभागृह इकडेतिकडे बघायला लागलं. मी मधुवंतीकडे पाहिलं.

तीही मान वळवून मागे बघत होती, कोण असेल बरं ती, म्हणून.