साहेब, बॉल देता का?

"साहेब, जरा बॉल देता का?"

दत्ता बास्केटखाली एकटा उभा होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. पण त्याचं हे अदबशीर वाक्य पूर्ण होईपर्यंत निंबाळकर साहेबांच्या हातातला बॉल कुणीतरी काढून नेला आणि पलीकडे बास्केटही झालं. मी कपाळावर हात मारून घेतला. सराव सामना होता म्हणून निभावलं.

मी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. आकुर्डीला राहते. चाकणच्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांच्या बास्केटबॉल टीमसाठी मला कोच म्हणून बोलावलं, तेव्हा एचआर हेडनी पहिल्याच दिवशी चहा पाजून गोड आवाजात सांगितलं की कंपन्यांच्या स्पर्धेत टीम तीन वर्षं पहिल्याच फेरीत घरी परत येतेय. यंदाही तेच झालं तर कोर्टवर टू-व्हीलर पार्किंग करायचं ठरलंय.

ही बातमी टीमला माझ्या आधीच कळली होती. सगळ्यात जास्त लागली ती दत्ताला. तो लातूरकडचा. स्टोअरमधून लाइनवर पार्ट पोचवायचं काम करतो आणि दिघीला एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहतो. मला म्हणाला, "मॅडम, रूमवर पाय पसरायला जागा न्हाई. फर्स्ट शिफ्ट सुटली की हितं तासभर पळतो, म्हणून दिवस निघतोय. ह्येबी गेलं तर काय करू?" कोर्ट वाचवायचं, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

टीम वाईट नव्हती. दत्ता वाऱ्यासारखा पळायचा. कॅप्टन निंबाळकर साहेब क्वालिटीचे मॅनेजर, उंच, कॉलेजात भरपूर खेळलेले. अडचण एकच होती. कोर्टवर कुणी वेळेवर बोलत नव्हतं.

बास्केटबॉलमध्ये बोलणं हे निम्मं काम असतं. तुम्ही एका खेळाडूला अडवत मागे सरकत असता, आणि त्याचा साथीदार तुमच्या पाठीमागे येऊन भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. तुम्हाला तो दिसत नाही, तुम्ही जाऊन आदळता आणि समोरचा निसटतो. अशा वेळी मागून ज्याला दिसतंय त्याने ओरडून सांगायचं असतं, तेही अर्ध्या सेकंदात. आमच्याकडे त्या अर्ध्या सेकंदात 'साहेब' हा शब्दच जेमतेम मावायचा.

मी मुळातच तापट. फर्मान काढलं की उद्यापासून कोर्टवर सगळ्यांनी अरे-तुरे करायचं. जो 'साहेब' म्हणेल त्याला दहा पुशअप. साहेबांनीही हसून मान डोलावली. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कोर्टवर स्मशानशांतता. 'साहेब' म्हणायची बंदी आणि 'अरे' म्हणायची हिंमत नाही, म्हणून सगळ्यांनी तोंडच बंद ठेवलं. त्या आठवड्यात शेजारच्या कंपनीशी मैत्रीचा सामना झाला. त्यात आम्ही आधीपेक्षाही वाईट हरलो. मी दत्ताला बाजूला घेतलं. तो मान खाली घालून म्हणाला, "तोंडातून निघंना मॅडम. सकाळी त्यांची सही झाल्याबिगर माझी ट्रॉली हलत न्हाई. अन् संध्याकाळी त्यांनाच 'दे' म्हनू?"

चूक माझी होती. मग मला वाटलं, साहेबांनाच कॅप्टनपदावरून काढावं. तेवढं सांगायला मी त्यांच्याकडे गेले. सेफ्टी शूज घालून, चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या मधून चालत शॉप फ्लोअरवर पोचले. मशिनांचा आवाज एवढा की साहेबांशी जवळ उभं राहून बोलावं लागत होतं. साहेब एक मशीन समजावत होते, मी विषय काढणार तेवढ्यात मागून कुणीतरी खणखणीत ओरडलं.

"साइड!"

साहेब टुणकन बाजूला झाले, मलाही दंडाला धरून पट्टीच्या आत ओढलं. पार्टनी भरलेली ट्रॉली आमच्या शेजारून गेली. ढकलणारा होता दत्ता. त्याने वळूनही पाहिलं नाही. साहेबांनी वाक्य जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र कॅप्टन बदलायचा विषय गिळून टाकला आणि घाईने निघाले.

संध्याकाळी पुशअप रद्द केले. म्हटलं, क्रियापदच नको. 'दे' नको, 'द्या' पण नको. फ्लोअरवर जे एकेक शब्द ओरडता तेच इथे ओरडा. मागून स्क्रीन आली किंवा वाट मोकळी हवी असली, की 'साइड'. आपण मोकळे असलो तर काय ओरडायचं, हे दत्ताने सुचवलं: 'एम्टी'. रिकाम्या ट्रॉलीला ते तेच म्हणतात. पंधरा मिनिटांत कोर्टवर असा कल्ला झाला की सिक्युरिटीवाला बघायला आला. साहेब तर प्रत्येक हाकेला इमानदारीत सरकत होते. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना वडापाव खाऊ घातला.

स्पर्धेतली पहिली मॅच भोसरीच्या एका कास्टिंग कंपनीशी होती. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो. बॉल दत्ताकडे. बास्केटकडे जायच्या वाटेत आमचे साहेब आणि समोरचा एक धिप्पाड गडी दोघंही उभे. दत्ता बॉल आपटत सुसाट आला आणि सवयीने ओरडला, "साइड!"

साहेब बाजूला झाले. आणि तो धिप्पाड गडीही बाजूला झाला. कास्टिंग शॉपमध्ये रोज ट्रॉल्या चुकवणारा माणूस तो, विचार करायच्या आत पायांनी जागा सोडली. दत्ताने आरामात बॉल टाकला. आम्ही एका पॉइंटने जिंकलो. त्यांचे कोच तावातावाने रेफ्रीकडे गेले, पण स्वतःच्या टीममेटला बाजूला हो म्हणू नये असा नियम काही त्यांना सापडला नाही. दत्ता कोर्टवरच बसून रडला. साहेब त्याच्या शेजारी जाऊन बसले.

पुढच्या दोन मॅचही आम्ही जिंकलो, तिथेही कारखान्यातलीच माणसं होती. फायनलला हिंजवडीची एक आयटी कंपनी आली. 'साइड' ऐकून त्यांच्यातला एकही जण हलला नाही. आठ पॉइंटने हरलो.

कोर्ट राहिलं. पार्किंग कँटीनच्या मागे झालं. तिथून गेटपर्यंत फार चालावं लागतं म्हणून लोक मलाच बोलतात. मी ऐकून घेते. इतकी वर्षं शिट्टी वाजवून मला शेवटी एवढंच कळलं, की टीमला बोलायला शिकवण्याआधी ती दिवसभर जिथे बोलते तिथे कोचने एकदा जाऊन उभं राहावं. फक्त पिवळ्या पट्टीच्या आत.