तीन दिवसांचा इंदोरा

भिलाईतल्या मरोद्यात गुलाब मेश्रामला नावानं हाक मारणारे थोडेच. सगळ्यांचा तो ‘नागपूरवाला’. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनच्या भट्टीपाशी छत्तीस वर्षं घाम गाळला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये संसार केला, पण तोंडात सदा नागपूरचा इंदोरा. भिलाईचं वांगं पाणचट, शेजारी आतल्या गाठीचे, इथल्या लोकांना दारात आलेल्याला चहा विचारायची अक्कल नाही. पाळी सुटली की सायकल स्टँडवर उभा राहून सांगायचा, “आमच्या इंदोऱ्यात येऊन पाहा. अनोळखी मानूस गल्लीत शिरला तं चार घरचे लोक जेवाले ओढतेत!”

आणि ओढतही असत. गोची एवढीच, की गुलाब नागपूरला जायचा तो दसऱ्याला, दीक्षाभूमीवर. भावाकडे तीन दिवस मुक्काम. तेव्हा गल्लीत मंडप, निळे झेंडे, भोजनदानाच्या रांगा, बाहेरगावच्या माणसाला डोक्यावर घेणारी माणसं. वरातीतला थाट पाहून घराणं ठरवावं तसं त्यानं अख्खं नागपूर ठरवून टाकलं. उरलेलं वर्ष ती गल्ली कशी जगते, हे पाहायची गरज त्याला कधी वाटली नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा गडी तर डोंगरावर जाऊन यायचा, पण जत्रेच्याच दिवशी. भिलाईतल्या कितीतरी वैदर्भीय घरांनी हीच चूक केली. बाकीच्यांनी निदान बायकोचं ऐकलं.

त्याच्याच पाळीतल्या शेषरावनं भिलाईलगतच्या रिसालीत प्लॉट घेतला, तेव्हा शेजारचाही विकायला होता. गुलाबची बायको रुक्मा म्हणाली, “आपन बी घेऊन टाकू. माया साऱ्या मैत्रिणी इथंच हायेत.”

“मले का इथं मराचं हाय? रिटायर झालो का आपल्या गावाले.”

विषय संपला. त्याच्या घरी विषय असेच संपत.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं. इंदोऱ्यात भावाच्या घरावर मजला चढवला आणि बिऱ्हाड तिथं गेलं. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. मग गल्ली आपल्या वळणावर आली. नळ सकाळी तासभर, दाराला टेकून मोटारसायकली, जो तो आपल्या घाईत. गुलाबला कुणी जेवायला ओढलं नाही. ओढावं तरी कशाला? तो आता पाहुणा थोडाच होता! झालं, पानठेल्यावर याचं तोंड सुटलं. “आमच्या मरोद्यात रस्ते पाहा. झाडं पाहा. संध्याकाळी टँकच्या तळ्यावरचा वारा पाहा!” महिन्याभरात लोकांनी त्याला नाव ठेवलं, भिलाईवाला. अशा माणसाची कीव करावी की कानाखाली वाजवावी, हेच कळत नाही.

रुक्मा सहा महिने स्वयंपाकघरात रडली. मग डोळे पुसून विहारात जाऊ लागली. तिथं बायांना शिवण शिकवू लागली, शेजारणींच्या सुखदुःखाला धावू लागली. इंदोरा गुलाबचा, पण हाक यायची ती ‘रुक्माताई’ अशी. गुलाबनं तेही पाहिलं नाही.

दोन वर्षांनी शेषरावच्या लेकीच्या लग्नाला तो एकटाच भिलाईला आला. मांडवात जुनी माणसं गळ्यात पडली आणि याला उमाळा फुटला. शेषराव म्हणाला, “वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायेत. येऊन राहा ना बाप्पा दोघंबी.” गुलाबनं तिथल्या तिथं घरी फोन लावला.

“शेषरावच्या खोल्या रिकाम्या हायेत. सामान बांधून ठेव. एक तारखेले इथं येऊ.”

तिकडचं शिवणयंत्र थांबलं.

“विचारून राहिले का सांगून राहिले?”

संसाराच्या बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी घातला नव्हता. तो गडबडला. “विचारून राहिलो ना.”

“मंग नाही.”

“अवं, पन रिसाली तं तुलेच पाहिजे होती!”

“तवा पाहिजे होती. तवा तुमी विचारलं नाही. मले उपटून इथं आनलं. या वयात मी कशी रुजली, ते मायं मले ठाऊक. आता पुन्हा नाही उपटत.”

“मंग मी का करू?”

“राहा तिथं. तुमी जिथं नसान तेच गाव तुमाले गोड लागते. महिन्याभरात इंदोरा चांगला वाटन.”

तिच्या आवाजात रागही नव्हता. राग असता तर त्याला समजूत घालता आली असती. मागून कुणीतरी ‘रुक्माताई’ म्हणून हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

शेषराव चहा घेऊन आला. “का म्हनते वहिनी? कधी येते?”

“ती नाही येत,” गुलाब म्हणाला. “तिले तिथले लोक सोडत नाहीत.”

शेषरावनं कप पुढं केला. गुलाबनं कप हातात घेतला, पण प्याला नाही.

“मी इथून निघालो तवा कोनी थांबा म्हटलं नाही, शेषराव.”